कारखान्याकडच्या गोलातलं मीठ

स्कार्वया, ११ मे २०२५

प्रिय ओडवार,

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून घाबरू नकोस. कुणी गेलेलं नाही, मला काही झालेलं नाही, गुडघा पूर्वीसारखाच कुरकुरतोय. पण फोनवर तुझं ठरलेलं असतं. मी हवापाण्याच्या पुढे सरकले की तू म्हणतोस, "बरं, विग्दिसला देतो," आणि बायकोच्या हातात फोन देऊन मोकळा होतोस. पत्र असं कुणाच्या हातात देता येत नाही. तेव्हा कॉफी ओतून घे, चष्मा शोध (ब्रेडच्या डब्यावर असेल) आणि नीट बस. बातमी मैदानाची आहे. हो, त्याच मैदानाची. पान उलटू नकोस. एकावन्न वर्षं तू त्याचं नाव काढलं नाहीस आणि तुझ्यापुढे मीही काढलं नाही. पण आज बातमी चांगली आहे. सगळ्यात आधी एवढंच वाच: कारखान्याकडच्या गोलापुढचं गवत मिठाच्या त्या पोत्यांनी मेलं नव्हतं. इंजिनिअरने तसं लिहून, खाली सही करून दिलंय.

वाचलंस ना? परत एकदा वाच. मी तो कागद स्वतः चार वेळा वाचला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

आता सविस्तर सांगते. आपल्या वोगेन मैदानावरचं कृत्रिम गवत पार झिजलं होतं. पोरं घसरून पडली की गुडघे सोलवटून निघायचे. फेब्रुवारीपासून ते उखडायचं काम चालू आहे. नव्या गवताखाली गरम पाण्याच्या नळ्या घालायच्या आहेत, म्हणजे हिवाळ्यात फावडी घेऊन उभं राहायला नको. तू बर्फावर राख पसरत फिरायचास, आठवतं? आता बटण दाबायचं आणि घरी जाऊन झोपायचं. चार कोपऱ्यांत दिव्यांचे खांब आले आहेत. मुलींसाठी कपडे बदलायच्या दोन वेगळ्या खोल्या झाल्या. आणि ऐक, बायकांसाठी सहा संडास! १९५२ पासून १९९८ पर्यंत एक होता, मग दोन झाले, तेव्हाही क्लबच्या सभेत पुरुषांनी "एवढे कशाला?" म्हणून नाक मुरडलं होतं. जुनी लाकडी गॅलरी मात्र तशीच ठेवली आहे. पाडायचं म्हणत होते, पण सगळं गाव असं काही अंगावर आलं की कार्यकारिणीने गुपचूप रंगाचे डबे मागवले.

पाडू कशी देतील? तिच्या एकेका फळीवर कुणाच्या ना कुणाच्या बापाचा हात फिरलाय. बाबा किती वेळा सांगायचे, तुला माझ्यापेक्षा जास्त वेळा सांगितलं असेल. तिथे खाडीचा एक फाटा होता आणि त्याच्या तोंडाशी डबकं. गावाला सपाट जागाच नव्हती. जिथे बघावं तिथे खडक नाहीतर पाणी. मग युद्धानंतर सगळ्यांनी श्रमदानाने ती खाडीच बुजवायची ठरवली. तीन वर्षं, मासळी खारवायच्या कारखान्याची पाळी संपली की माणसं दगड वाहायची. आई केक घेऊन जायची आणि कोण आलं नाही याची यादी डोक्यात पक्की करून परत यायची. ती यादी तिला मरेपर्यंत पाठ होती. डोंगरातून येणारा ओढा अडला असता, म्हणून त्यांनी मैदानाच्या पोटातून दगडी मोरी काढली. समुद्राकडच्या तोंडाला ओकची झडप बसवली. ओढ्याचं पाणी आतून लोटलं की ती उघडायची आणि भरती आली की आपोआप मिटायची. बाबा त्या झडपेचं कौतुक करायचे आणि आपण जांभया द्यायचो. एकदा जरी लक्ष देऊन ऐकलं असतं ना, ओडवार!

आणि गॅलरीखालची ती न्हाणीघरं! टाकीत गरम पाणी बरोबर अकरा माणसांपुरतं. पाहुणा संघ आधी न्हायला जाऊ नये म्हणून तू त्यांच्या कप्तानाला दारात गप्पांत अडकवून ठेवायचास. एकसष्टच्या कपाच्या सामन्याला चार हजार तीनशे बारा माणसं आली होती. गावात तेव्हा माणसंच होती तीन हजार नऊशे. बाकीची बोटींनी आली. बाबा मला खांद्यावर घेऊन तीन तास उभे होते. मी तीन वर्षांची होते, मला फक्त समोरच्या माणसाची टोपी आठवते. पण तिकीटखिडकीवर तो आकडा अजून रंगवलेला आहे आणि दर वर्षी कुणीतरी त्याच्यावरून ब्रश फिरवतं.

आता चौऱ्याहत्तर सालाकडे यावंच लागेल. मनातून यायचं नाही, पण इलाज नाही. तू पंचविशीचा होतास, मैदानाचा ग्राउंड्समन होऊन तुला तीन वर्षं झाली होती आणि गावाला तुझ्या गवताचा गर्व होता. दुसऱ्या गावाहून लोक नुसतं बघायला यायचे. त्या वर्षी आपण पहिल्यांदा वरच्या विभागात गेलो होतो. आणि हिवाळा काही केल्या हलेना. फेब्रुवारीत ते मोठं वादळ आलं, कारखान्याची धक्क्याकडची भिंत फुटली, मग ईस्टरच्या आठवड्यातही बर्फ. कारखान्याच्या उंच छपराची सावली पडायची म्हणून त्या बाजूच्या गोलापुढे बर्फाची लादी नुसती चिकटून बसली होती. अठ्ठावीस एप्रिलला पहिला सामना. तू राख पसरत होतास, वाळू पसरत होतास, कुदळीने टोचत होतास. हाताला फोड आले होते, आई रात्री जेवणानंतर मेंढीची चरबी लावून फडकी बांधायची. आणि हालदोर कारखान्याचाही मुकादम, क्लबचाही अध्यक्ष. तो सायकल टेकवून सगळ्यांसमोर म्हणाला, "काय रे, बर्फाला काय लग्नाची पत्रिका पाठवू का? नाहीतर सांग, दुसरा माणूस बघतो." तू कुदळ मारत राहिलास. मी कुंपणापाशी उभी होते. त्या माणसाच्या सायकलीला लाथ घालावी असं मला वाटलं होतं.

बर्फ वितळला. सामना झाला, दोन-एकने जिंकलो, हालदोरने तुझ्या पाठीवर थाप मारली. आणि मे उजाडला तसं बाकीचं मैदान हिरवंगार होऊ लागलं आणि कारखान्याकडचा तिसरा हिस्सा पिवळा पडला. राष्ट्रीय दिनाची मिरवणूक मैदानात आली, पोरं झेंडे हलवत आत शिरली, तेव्हा तिथे नुसता तपकिरी पट्टा होता, या रेषेपासून त्या रेषेपर्यंत. हालदोर सुटातच वाकला, चिमूटभर माती उचलली आणि जिभेवर ठेवली. तीस वर्षं मासे खारवलेला माणूस तो. म्हणाला, "मीठ आहे." मग एकेक जण वाकून चाखायला लागला. सगळं गाव नव्या सुटात, पारंपरिक पोशाखात, ओळीने उभं राहून माती चाटतंय! आज आठवून मला हसू येतं, तेव्हा आलं नव्हतं. एकालाही शंका नाही. आपल्या गावात मीठ म्हणजे एकच, स्पेनहून जहाजाने येणारं आणि कारखान्याच्या वखारीत डोंगरासारखं पडलेलं. समुद्राच्या मांडीवर बसलेलं गाव, आणि खारट चव लागल्यावर कुणालाच समुद्र आठवला नाही.

त्या संध्याकाळी कार्यकारिणीने तुला बोलावलं. बर्फ वितळवायला मीठ टाकलंस का, म्हणून विचारलं. तू म्हणालास, "हो." बस्स, एक शब्द. बाबांनी घरी येऊन सांगितला आणि आई भांडी घासत होती ती तशीच उभी राहिली. मग गावाने तिखटमीठ लावून सांगायला सुरुवात केली. आधी दोन पोती होती, मग दहा झाली, ऑगस्टपर्यंत ट्रक झाला होता. नवी हिरवळ आणून लावली, ती मेली. पुन्हा लावली, तीही मेली. घरचे सगळे सामने फ्योर्डपलीकडे, त्या चढेल लोकांच्या मैदानावर खेळावे लागले. ते कॉफीसुद्धा थंड द्यायचे. शेवटी आपण खालच्या विभागात घसरलो. तू मात्र त्याआधीच, ऑगस्टमध्ये, एक पेटी घेऊन बोटीवर चढलास. धक्क्यावर मी आणि आई होतो. तू मला म्हणालास, "अभ्यास कर गं, माकडे," आणि माझी वेणी ओढलीस. नंतर आलास तो दोन अंत्यविधींना. आईला नेताना तू चर्चपर्यंत डोंगरावरच्या वाटेने आलास, त्या निसरड्या बर्फातून, चांगले बूट खराब करून. खालच्या रस्त्यावरून मैदान दिसतं म्हणून. सगळ्यांना कळलं.

मग एक्याऐंशीत गवताचा नाद सोडून सगळ्यांनी तिथे खडी पसरली आणि नव्याण्णवमध्ये खडीवर हिरवा प्लास्टिकचा गालिचा. त्यामुळे खाली काय आहे हे बघायची वेळच कुणावर आली नाही. मी अडतीस वर्षं त्या कोपऱ्यातल्या टपरीत वॉफल भाजतेय, सॉसेज गरम करतेय. माझ्या खिडकीतून नेमका तोच गोल दिसतो. लोकांना वाटतं मला फुटबॉल फार आवडतो.

तर मार्चमध्ये तोन्ये आली. ट्रॉनहाइमची इंजिनिअर, तिशीची, नाकात चमकी, बोलायला फटकळ. कारखान्याकडच्या बाजूला नळ्यांसाठी चर खणला तर तो पाण्याने भरला. पंप लावून उपसला, सहा तासांनी पुन्हा भरला. ती माझ्या टपरीत घड्याळ घेऊन बसली. अमावास्येच्या उधाणाचे दिवस होते. धक्क्यापाशी पाणी चढत होतं आणि चरातही त्याच्यामागोमाग चढत होतं, आम्ही दोघी वॉफल हातात धरून बघत होतो. दुसऱ्या दिवशी खोदायच्या यंत्राने मोरी उघडी केली. आतले दगड जसेच्या तसे, बाबांच्या पिढीचं काम! पण समुद्राकडच्या तोंडाला झडप नाही. नुसती चौकट, आणि तिला गंजलेली एक बिजागरी लोंबतेय. चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीतल्या वादळाने धक्क्याची भिंत फुटली, त्याच दणक्याने झडपही गेली. भिंत सगळ्यांना दिसली, झडप पाण्याखाली, ती कुणाला दिसणार? तेव्हापासून दर उधाणाला समुद्र मोरीतून आत शिरायचा आणि गवताच्या मुळाशी जाऊन बसायचा. एकदा नाही, महिन्यातून दोनदा. पन्नास वर्षं.

मी तिला विचारलं, "पण वरून मीठ टाकलं असेल तर?" म्हणाली, "किती?" मी म्हटलं, "समज, दोन बादल्या." ती हसली. "दोन बादल्यांनी काय होतंय? इथल्या पावसात जूनपर्यंत धुऊन गेलं असतं. फार तर गोलकीपरच्या पायाखालचं गवत थोडं रुसलं असतं." आणि मग चमचा खाली ठेवून म्हणाली, "पण सगळे तर म्हणतात पोतीच्या पोती होती. दोन बादल्या हे तुम्हाला कसं माहीत?" मी म्हटलं, कॉफी उतू जातेय, आणि आत गेले. कॉफी चुलीवर नव्हतीच. मी मागच्या पत्र्याला टेकून उभी राहिले आणि लहान मुलीसारखी रडले, ओडवार. हायसं वाटून रडतात ना, तसं. छातीवरून कुणीतरी पोतं उचललं.

तिचा सहीचा कागद हातात आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वृद्धाश्रमात हालदोरकडे गेले. पंच्याण्णव वर्षांचा आहे, कान गेलेत, हेका तोच. मी कागद त्याच्या कानाशी ओरडून वाचला. सगळं ऐकून म्हणाला, "म्हणजे खारट होतंच ना? माझी जीभ बरोबर होती!" मी म्हटलं, "जीभ बरोबर होती रे, डोकं चुकलं." मग त्याने विचारलं, "तो पोरगा आहे का अजून?" तो पोरगा शहात्तरचा आहे म्हटल्यावर त्याने माझा हात घट्ट धरला आणि सोडेना. काय म्हणायचं होतं ते म्हणाला नाही, पण मला कळलं आणि मी तुला पोचवतेय.

आणि परवा क्लबची सभा झाली. आता अध्यक्ष सिल्ये आहे, हालदोरची नात. पोरगी चांगली आहे, मनाची मोठी आहे. तोन्येचा कागद तिने वाचून दाखवला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ती म्हणाली, "म्हणजे ओडवारने टाकलेल्या मिठाने काही नुकसान झालंच नव्हतं. त्याची ती चूक आता आपण सगळ्यांनी माफ करून टाकूया." पुन्हा टाळ्या. शेजारची बाई मला मिठी मारायला लागली. आणि मला ते सहन होईना. एकावन्न वर्षं मी मूग गिळून गप्प बसले होते, पण तुला माफी? मी उठले. गुडघा कडकन वाजला, सगळ्यांनी वळून बघितलं. मी म्हटलं, "माफी कुणाला देताय? मीठ ओडवारने टाकलं नव्हतं. मी टाकलं होतं. सोळा वर्षांची होते, हालदोर त्याला बोलला ते मी ऐकलं होतं. वखारीतून दोन बादल्या भरल्या आणि संध्याकाळी जाऊन गोलापुढे ओतल्या. मला वाटलं, मी भावाला मदत करतेय." मग मागून कुणीतरी म्हातारा म्हणाला, "तरीच! तुझ्या वॉफलमध्येही मीठ जास्तच असतं!" आणि सगळं सभागृह हसलं, मीही हसले, हसता हसता खाली बसले. सिल्ये येऊन माझ्या शेजारी बसली. शहाणी मुलगी.

सभेत मी सगळं सांगितलं, पण एक गोष्ट राखून ठेवली, आणि तीच सांगायला हे पत्र लिहायला बसले. त्या संध्याकाळी हालदोरच्या सायकलीची घंटा ऐकून मी घाबरून पळाले आणि बादल्या गोलामागेच राहिल्या. निळ्या काठाच्या, आईच्या. सकाळी उठले तर त्या आपल्या मागच्या पायरीवर होत्या, स्वच्छ धुतलेल्या, पालथ्या घातलेल्या. आई बादल्या खिळ्याला टांगायची. पालथ्या फक्त तू घालायचास, तळाला बर्फ धरू नये म्हणून. तू स्वयंपाकघरात ब्रेड खात होतास आणि माझ्याकडे बघत नव्हतास. म्हणजे कार्यकारिणीपुढे "हो" म्हणालास तेव्हा तुला ठाऊक होतं, आणि तुला ठाऊक आहे हे मलाही ठाऊक होतं, आणि तरी मी धक्क्यावर तुला जाऊ दिलं. तू खोटं बोललास, मी गप्प राहिले, आणि समुद्र खाली आपलं काम करत होता. दोघांपैकी कशाचीच गरज नव्हती रे. मला माफ कर. हे लिहायला मला दोन बादल्या ओतण्यापेक्षा एकावन्न वर्षं जास्त लागली. पंधरा जूनला, रविवारी दुपारी, नवं मैदान सुरू होतंय. मोरीला नवी झडप बसवली आहे आणि तिच्यावर नजर ठेवायला बाबांच्या गोष्टी लक्ष देऊन ऐकलेला माणूस हवाय. तसा कुणीच नाही, तेव्हा तूच चालशील. सिल्ये क्लबतर्फे रीतसर पत्र पाठवणार होती, मी म्हटलं थांब, आधी माझं जाऊ दे. धक्क्यावर मी असेन, आणि आपण खालच्या रस्त्याने जाऊ, मैदानावरूनच. गॅलरीखालच्या तुझ्या खोलीची किल्ली तुमच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरमागे टांगलेली आहे, हे विग्दिसने मला केव्हाच सांगितलंय. ती घेऊन ये. दाराला नवा रंग दिलाय, पण कुलूप कुणी बदललेलं नाही.

तुझीच, वेणी नसलेली माकड,
मार्गुन